लॅपटॉपवरचा जुना प्रोजेक्ट गिटहबला जोडताना पुश रिजेक्ट होतोय? आधी पहिल्या कमिटमध्ये काय गेलंय ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. विट्याजवळच्या एका दूध संस्थेसाठी तुम्ही पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये संकलनाचं सॉफ्टवेअर केलंय, ते इतके महिने लॅपटॉपवर झॅम्पच्या (लॅपटॉपवरच वेबसाईट चालवून बघायचं सॉफ्टवेअर) एचटीडॉक्स फोल्डरातच होतं, आता कराडचा मित्र सोबत काम करणार म्हणून गिटहबवर रेपो, म्हणजे कोड ठेवायची ऑनलाईन जागा, केली, ती करताना रीडमीच्या (प्रोजेक्टची माहिती लिहायची फाईल) चौकोनात टिक केली, इकडं लॅपटॉपवर गिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) इनिट, ॲड, कमिट (म्हणजे त्या क्षणीच्या फाईलींची नोंद पक्की करणं), रिमोट ॲड सगळं व्यवस्थित झालं आणि पुश मारला, म्हणजे कोड वर पाठवायला गेलात, तर रिजेक्टेड, फेच फर्स्ट. मग पुल केलं, म्हणजे तिकडचं खाली आणायला गेलात, तर रिफ्यूझिंग टू मर्ज अनरिलेटेड हिस्टरीज. कुणीतरी म्हणालं फोर्स मार, म्हणजे तिकडचं पुसून आपलं जबरदस्तीनं वर टाक, होतंय. आणि तुमची धाकधूक अशी की एवढ्या महिन्यांचं काम एका कमांडनं उडालं तर काय करायचं. शेवटी रेपो पब्लिक ठेवू की प्रायव्हेट हेही विचारलंय, त्यावर येतोच.

मी सांगलीत छोट्या धंद्यांसाठी सॉफ्टवेअर करतो, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, पतसंस्था, दूध संकलन असलंच सगळं, आणि कुणाचा तरी असाच पडून असलेला प्रोजेक्ट रेपोला जोडून देणं हे काम सारखं येत असतं, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. कमांड उच्चाराप्रमाणे मराठीत लिहितोय, टर्मिनलमध्ये इंग्रजीतच टाका हे वेगळं सांगायला नको.

आधी भीतीचं बघू. गिट इनिट, गिट ॲड, गिट कमिट आणि गिट रिमोट ॲड या चारही कमांड तुमच्या फाईलींना हात लावत नाहीत, त्या फक्त प्रोजेक्टच्या फोल्डरात एक लपलेला डॉट गिट नावाचा फोल्डर करतात आणि त्यात आपली नोंद ठेवतात. पुशसुद्धा लॅपटॉपवरचं काही बदलत नाही. ज्यांनी खरंच काम जाऊ शकतं त्या कमांड वेगळ्या, गिट रिसेट हायफन हायफन हार्ड आणि गिट क्लीन हायफन एफ, आणि नेमक्या ह्याच लोक घाबरल्यावर इंटरनेटवरून कॉपी करून मारतात. म्हणून पुढचं काहीही करायच्या आधी अख्खा फोल्डर उचलून पेनड्राईव्हवर टाका, लपलेल्या डॉट गिट फोल्डरसकट. पाच मिनिटांचं काम आहे आणि नंतर डोकं शांत राहतं.

आता खरा मुद्दा. तुम्ही विचारलंय जोडायचं कसं, पण जोडणं ही एका ओळीची गोष्ट आहे. गिट रिमोट ॲड ओरिजिन आणि पुढं रेपोचा पत्ता, संपलं. ही कमांड तिकडं जाऊन काही तपाससुद्धा करत नाही, पत्ता चुकीचा दिला तरी गप घेते, चूक कळते ती पुश करताना. ओरिजिन आधीच आहे असं म्हणाली तर गिट रिमोट सेट यूआरएल ओरिजिन म्हणून पत्ता बदलायचा, यात घाबरण्यासारखं काही नाही. अवघड आहे ते दुसरंच, ते म्हणजे पहिल्या कमिटमध्ये काय गेलंय. कारण गिटमध्ये एकदा कमिट झालेली गोष्ट पुढच्या कमिटमध्ये डिलीट केली तरी जुन्या कमिटात राहते, आणि पुश केलं की ती पण सोबत जाते. तुमचा पुश रिजेक्ट झाला ना, मी तर म्हणतो बरं झालं. अजून काहीच बाहेर गेलेलं नाही, आत्ताच निवडून घ्या.

पहिली गोष्ट, डॉट गिट नक्की कुठं झालाय ते बघा. गिट रेव्ह पार्स हायफन हायफन शो टॉपलेव्हल असं मारा, ते मूळ फोल्डर दाखवतं. झॅम्पवाल्यांच्या बाबतीत बऱ्याचदा हा मूळ फोल्डर अख्खं एचटीडॉक्स निघतं, म्हणजे दूध संस्थेच्या कोडबरोबर कॉलेजचा मिनी प्रोजेक्ट, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची वेबसाईट आणि झॅम्पचा स्वतःचा डॅशबोर्ड पण त्यात. कधी कधी तर सी ड्राईव्हच्या यूजर फोल्डरात इनिट झालेलं असतं आणि गिट स्टेटसला डाऊनलोडमधली आधार कार्डाची पीडीएफ दिसते. तसं असेल तर चुकीच्या जागचा तो डॉट गिट फोल्डर काढायचा आणि बरोबर फोल्डरात जाऊन नव्यानं इनिट करायचं. आणि आतल्या एखाद्या फोल्डरात कुणाची तरी लायब्ररी क्लोन करून, म्हणजे तिच्या रेपोची पूर्ण प्रत उतरवून, टाकलेली असेल तर तिच्या पोटात पण स्वतःचा डॉट गिट असतो, मग गिट एम्बेडेड रेपोची वॉर्निंग देतं आणि त्या फोल्डरातल्या फाईली वर जातच नाहीत, तिकडं नुसता रिकामा फोल्डर दिसतो. ती वॉर्निंग पिवळ्या अक्षरात येते आणि लोक वाचत नाहीत.

दुसरं, गिट एलएस फाईल्स मारून गिटनं घेतलेल्या फाईलींची यादी वाचा. खरंच वाचा, सगळी. दूध संकलनाच्या प्रोजेक्टमध्ये मला साधारण काय काय सापडतं ते सांगतो. एक असते कॉन्फिग डॉट पीएचपी. मुलं म्हणतात झॅम्पला रूट यूजरला पासवर्डच नसतो, मग लपवायचं काय. बरोबर आहे, पण त्याच फाईलीत खाली उत्पादकांना लिटर आणि फॅटचा एसएमएस पाठवायची एपीआय की, म्हणजे एसएमएसवाल्यानं दिलेली गुप्त किल्ली, असते, आणि ती बाहेर गेली तर तुमच्या संस्थेच्या बॅलन्सवर दुसराच कोणीतरी मेसेज पाठवत बसेल. गिटहब स्वतः काही ओळखीच्या कंपन्यांच्या की पुशच्या वेळी ओळखून अडवतं, पण गल्लीतल्या एसएमएसवाल्याची की त्याला कुठून ओळखू येणार. यावर मी करतो ते असं, खरी कॉन्फिग फाईल गिटच्या बाहेर ठेवायची आणि कॉन्फिग सँपल डॉट पीएचपी नावाची एक फाईल आत ठेवायची, त्यात सगळी नावं तीच पण किंमती रिकाम्या. मित्र क्लोन करेल, सँपलची कॉपी करेल, आपल्या किंमती भरेल.

दुसरी सापडते ती डेटाबेसची एसक्यूएल फाईल, आणि ही सगळ्यात वाईट. पीएचपी मायॲडमिनमधून एक्सपोर्ट करून ठेवलेली असते, चांगल्या हेतूनंच, बॅकअप म्हणून. त्यात उत्पादकाचं नाव, मोबाईल नंबर, बँक खातं, आयएफएससी, कधी आधार, आणि दर दहा दिवसांचं बिल, म्हणजे गावातल्या कुणाच्या गोठ्यातून किती दूध येतं आणि किती पैसे मिळतात ते सगळं. हे माणसांचं आहे, आपलं नाही. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालाय तो तर आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी गावात उद्या कुणाला कळलं की आपला खाते नंबर इंटरनेटवर पडलाय तर संस्थेचा सचिव तुम्हाला दारात उभं करणार नाही. पीएचपी मायॲडमिनमध्ये एक्सपोर्ट करताना कस्टम निवडा आणि नुसतं स्ट्रक्चर घ्या, टेबलांचा सांगाडा तेवढा रेपोत ठेवा. फॅट आणि एसएनएफच्या (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) दरपत्रकाचं टेबल डेटासकट लागेल कारण त्याशिवाय कोड चालणार नाही, ते वेगळ्या फाईलीत काढा. चाचणीसाठी चार-पाच खोटे उत्पादक बनवा, खोटे खाते नंबर टाका, मित्राला तेवढं पुरतं.

बाकी मग बाहेरच्या लायब्रऱ्यांचा व्हेंडर फोल्डर, तो कंपोजर (पीएचपीच्या लायब्रऱ्या आणणारं टूल) परत आणून देतो, रेपोत नको, कंपोजर डॉट जेसन आणि कंपोजर डॉट लॉक मात्र दोन्ही हवेत. उत्पादकांचे फोटो आणि पासबुकाचे स्कॅन असलेला अपलोड्स फोल्डर नको. फायनल, फायनल 2, नवीन फायनल असल्या नावांच्या झिप फाईली नकोत, त्यासाठीच तर गिट घेतोय. आणि बिलाच्या प्रिंटसाठी वापरलेले विकतचे मराठी फाँट असतील तर त्यांचं लायसन्स तुम्हाला वाटायची परवानगी देतं का ते बघा, बहुतेक वेळा देत नाही.

हे नको असलेलं सगळं डॉट गिटइग्नोर नावाच्या फाईलीत, म्हणजे गिटनं काय उचलायचं नाही त्या यादीत, एकेक ओळ करून लिहायचं. इथं विंडोजवर दोन खोड्या आहेत, त्या सांगतो कारण त्यांच्यापायी अर्धा दिवस जातो आणि कुठं चुकलं ते कळत नाही. नोटपॅडमधून सेव्ह केलं की तो गुपचूप शेवटी डॉट टीएक्सटी लावतो आणि विंडोजनं एक्स्टेन्शन लपवलेलं असल्यामुळं तुम्हाला नाव बरोबरच दिसतं, पण गिटच्या दृष्टीनं ती फाईल गिटइग्नोर नाहीच. सेव्ह ॲजमध्ये ऑल फाईल्स निवडा, किंवा सरळ व्हीएस कोडमधून करा. दुसरी खोडी, जुन्या विंडोज पॉवरशेलमध्ये एको करून बाणानं फाईल बनवली तर ती यूटीएफ 16 मध्ये बनते आणि गिटला ती वाचता येत नाही, एरर पण देत नाही, नुसतं दुर्लक्ष करतं. फाईल यूटीएफ 8 मध्येच पाहिजे.

आणि सगळ्यात जास्त विचारलं जाणारं, गिटइग्नोरमध्ये लिहिलं तरी फाईल दिसतेच, असं का. कारण गिटइग्नोर नवीन फाईलींना अडवतं, आधी कमिट झालेल्यांना नाही. त्यांच्यासाठी गिट आरएम हायफन हायफन कॅश्ड आणि फाईलचं नाव, फोल्डर असेल तर मध्ये हायफन आर. यानं फाईल डिस्कवर राहते आणि गिटच्या यादीतून निघते. पण एक लक्षात ठेवा, डिस्कवर राहते ती तुमच्या. मित्राकडं ती फाईल आधीपासून गिटमधून आलेली असेल तर तो पुढचं पुल करेल तेव्हा त्याच्याकडची खरोखर डिलीट होते. चालू असलेल्या सर्व्हरवर जर पुल करून कोड अपडेट करत असाल तर तिथली कॉन्फिग अशीच गायब होते आणि संध्याकाळच्या संकलनाला स्क्रीन पांढरी. म्हणून तिथं आधी कॉपी काढून ठेवायची.

मग आता तुमच्या झालेल्या कमिटांचं काय करायचं. हे परिस्थितीवर आहे. तुमच्यासारखं कालच इनिट केलंय, दोन-तीन कमिट आहेत, कुणाकडं गेलेलं नाही, तर उगं हिस्टरी दुरुस्त करत बसू नका, पेनड्राईव्हवर कॉपी आहे याची खात्री करा, डॉट गिट फोल्डर काढून टाका, आधी गिटइग्नोर लिहा आणि मग परत इनिट करा. हे ऐकायला गावठी वाटतं पण सगळ्यात स्वच्छ पडतं. हिस्टरी मोठी आणि कामाची असेल तर गिट फिल्टर रेपो नावाचं वेगळं टूल मिळतं, ते जुन्या प्रत्येक कमिटातून ती फाईल काढतं, पण मग ती फाईल आल्यापासूनच्या सगळ्या कमिटांचे नंबर बदलतात आणि सोबत काम करणाऱ्या सगळ्यांना नव्यानं क्लोन करायला लागतं. आणि फाईल आधीच पब्लिक रेपोवर पुश झालेली असेल तर पहिलं काम हिस्टरी नाही, पहिलं काम पासवर्ड आणि की बदलणं. तोवर कुणी कॉपी केली असेल ते तुमच्या हातात नाही.

याच धर्तीवर मोठ्या फाईलींचं. गिटहब 50 एमबीच्या वरच्या फाईलीला वॉर्निंग देतं आणि 100 एमबीच्या वरची असेल तर पुशच घेत नाही. लोक काय करतात, ती झिप डिलीट करून नवीन कमिट करतात आणि परत पुश मारतात, परत तोच एरर, मग म्हणतात गिटहब येडं झालंय. आधी सांगितलं तेच, जुन्या कमिटात ती आहेच. शेवटच्याच कमिटात आली असेल तर आधी गिट आरएम कॅश्ड करून मग गिट कमिट हायफन हायफन अमेंड पुरतं, मागं असेल तर वरचाच उपाय.

आता तुमच्या मूळ एररकडं. गिटहबवर रेपो करताना रीडमीवर टिक केली की तिथं त्याच क्षणी एक कमिट तयार होतो. तुमच्या लॅपटॉपवर वेगळा पहिला कमिट आहे. म्हणजे दोन वेगवेगळ्या गटांचे सातबारे घेऊन तलाठ्याकडं गेल्यासारखं, प्रत्येकाचे फेरफार आपापल्या जागी बरोबर आहेत पण मागं कुठंही एकमेकांना मिळत नाहीत, मग जोडणार कशाच्या आधारावर. फेच फर्स्ट म्हणजे तिकडं असं काहीतरी आहे जे तुमच्याकडं नाही, आणि अनरिलेटेड हिस्टरीज म्हणजे दोघांचा समान पूर्वज सापडत नाही. गिटच्या 2016 सालच्या 2.9 आवृत्तीपासून असलं मर्ज मुद्दाम अडवलं जातं, आणि ते बरोबरच आहे, कारण चुकून भलत्याच प्रोजेक्टची रेपो जोडली तर दोन्हीची खिचडी व्हायची.

यातून बाहेर पडायचे रस्ते तीन-चार आहेत आणि कुठला घ्यायचा ते तिकडच्या रेपोत काय आहे यावर. तिकडं नुसता एका ओळीचा रीडमी असेल तर मी रेपोच डिलीट करतो, सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली डेंजर झोन म्हणून आहे तिथून, आणि त्याच नावानं परत करतो, यावेळी रीडमी, गिटइग्नोर, लायसन्स कशावरही टिक न करता. नाव तेच असल्यानं पत्ता तोच राहतो, रिमोट बदलायला पण लागत नाही. रिकाम्या रेपोवर पहिला पुश या कारणानं कधीच अडत नाही. लॅपटॉपवर आधीपासून कोड असेल तर गिटहबवर रेपो बनवताना रिकामीच बनवायची, एवढं एक लक्षात ठेवलंत तर हा प्रश्न परत पडणार नाही.

तिकडं कामाचं काही असेल, म्हणजे मित्रानं ब्राउझरमधून दोन-तीन फाईली टाकल्या असतील, तर डिलीट नको. तेव्हा गिट पुल ओरिजिन मेन, त्याला हायफन हायफन अलाऊ अनरिलेटेड हिस्टरीज आणि सोबत हायफन हायफन नो रीबेस असं दोन्ही लावा. नो रीबेस यासाठी की नवीन गिट दोन्हीकडं वेगळे कमिट असले की मर्ज करू (दोन्ही एकत्र जोडू) की रीबेस (तुमचे कमिट तिकडच्यांच्या पुढं परत रचू) ते सांगा म्हणून थांबतं, आणि बऱ्याच जुन्या उत्तरांमध्ये हा भाग नसतो म्हणून कमांड कॉपी केली तरी चालत नाही. दोन्हीकडं रीडमी असेल तर कॉन्फ्लिक्ट येईल, फाईल उघडा, बाणांच्या खुणांमधलं हवं ते ठेवा, खुणा काढा, ॲड आणि कमिट. कॉन्फ्लिक्ट नसेल तर मर्जचा मेसेज विचारायला विम नावाचा काळा एडिटर उघडतो आणि माणूस त्यात अडकून बसतो, एस्केप दाबा, कोलन डब्ल्यू क्यू टाईप करा, एंटर.

फोर्सबद्दल स्पष्ट सांगतो. तुमच्या बाबतीत फोर्स मारला असता तर तिकडचा एका ओळीचा रीडमी गेला असता, बाकी काही नाही, म्हणजे सांगणाऱ्यानं अगदीच चुकीचं सांगितलं नव्हतं. मला खटकतं ते एवढंच की पहिल्याच दिवशी रिजेक्टेड म्हटलं की फोर्स मारायचा हे हाताला बसतं, आणि मग पुढच्या महिन्यात मित्राचं दोन दिवसांचं काम त्यानंच पुसलं जातं. मारायचाच असेल तर हायफन हायफन फोर्स विथ लीज वापरा, तुम्ही शेवटचं फेच केल्यानंतर तिकडं कुणी काही टाकलं असेल तर तो थांबतो.

एक रस्ता नवख्या लोकांना सांगतात, रेपो दुसरीकडं क्लोन करायची आणि त्यात आपल्या फाईली कॉपी पेस्ट करायच्या. चालतो, वाईट नाही, फक्त डॉट गिट फोल्डर त्यावर पेस्ट करू नका आणि लॅपटॉपवरची जुनी कमिट हिस्टरी त्यात येत नाही हे धरून चाला.

पुश झाला, एरर नाही, पण गिटहबवर कोडच दिसत नाही, असं पण होऊ शकतं. तेव्हा ब्रँचचं, म्हणजे कमिटांच्या ज्या साखळीवर काम चाललंय तिचं, नाव बघा. गिटहबनं ऑक्टोबर 2020 पासून नव्या रेपोची ब्रँच मेन केली, तुमच्या गिटनं इनिट करताना मास्टर केली असेल, मग तिकडं मेनवर नुसता रीडमी आणि तुमचा कोड मास्टरवर. पान उघडल्यावर मेन दिसते. दोन्हींची तुलना करायला गेलं तर गिटहब म्हणतं यांची हिस्टरी पूर्ण वेगळी आहे. पुशच्या आधी गिट ब्रँच हायफन मोठा एम मेन मारून नाव बदलून घ्या. आणि सोर्स रेफस्पेक मेन डझ नॉट मॅच एनी आला तर एकतर ब्रँच मास्टर आहे नाहीतर तुम्ही कमिटच केलेलं नाही, दुसरं कारण जास्त वेळा निघतं.

पासवर्डचं पटकन सांगतो. 13 ऑगस्ट 2021 पासून गिटहब टर्मिनलमध्ये अकाउंटचा पासवर्ड घेत नाही, टोकन किंवा एसएसएच की लागते. विंडोजचं गिट घातलं की सोबत क्रेडेन्शियल मॅनेजर येतो, तो ब्राउझर उघडून लॉगिन करून घेतो, बहुतेकांना तेवढं पुरतं. 403 आणि परमिशन डिनाइड आलं आणि त्यात भलत्याच माणसाचं यूजरनेम दिसलं, तर तो लॅपटॉप आधी कुणीतरी वापरलाय, विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन गिटहबची जुनी नोंद काढा.

आपल्याकडच्या लोकांना हमखास दिसणारी एक गोष्ट म्हणजे मराठी नावाच्या फाईली. पावती डॉट पीएचपी असं मराठीत नाव ठेवलं तर गिट स्टेटसमध्ये उलट्या तिरप्या रेघा आणि 340, 244 असले आकडे दिसतात. फाईल खराब झालेली नाही, गिट ते नाव तसं छापतं एवढंच, गिट कॉन्फिग हायफन हायफन ग्लोबल कोअर डॉट कोटपाथ फॉल्स केलं की नीट मराठी दिसतं. कमिटचा मेसेज मराठीत बिनधास्त लिहा. गाय दर, 3.5 फॅट 8.5 एसएनएफच्या खालची कपात दुरुस्त, असा मेसेज असला की सहा महिन्यांनी सचिव विचारतो कपात कधी बदलली तेव्हा गिट लॉगमध्ये लगेच सापडतं. नुसतं अपडेट, अपडेट, फायनल अपडेट असं लिहू नका. एलएफ विल बी रिप्लेस्ड बाय सीआरएलएफ अशा ओळी ढिगानं येतील, तो एरर नाही, विंडोज आणि लिनक्सच्या ओळ संपवायच्या पद्धती वेगळ्या म्हणून येतात. आणि फाईलींच्या नावात मोठी आणि लहान अक्षरं जपा, विंडोजला फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो, लॅपटॉपवर चालणारं बिल होस्टिंगवर फाईल नॉट फाउंड म्हणतं.

पब्लिक की प्रायव्हेट, तर प्रायव्हेट. एप्रिल 2020 पासून गिटहबवर फुकट अकाउंटलाही प्रायव्हेट रेपोत हवे तेवढे सहकारी घेता येतात, त्यामुळं पैशासाठी पब्लिक ठेवायचं कारण उरलेलं नाही. शिवाय हा कोड संस्थेनं पैसे देऊन करून घेतलाय, तो जगाला दाखवायचा का हे तुमच्या एकट्याच्या हातात नाही, त्यांना विचारा. पण प्रायव्हेट आहे म्हणून खाते नंबर आत टाकले तर चालतील असं मनात आणू नका, उद्या मित्राचा लॅपटॉप कुणाच्या हातात जाईल, की कुणी रेपो चुकून पब्लिक करेल, सांगता येत नाही.

आणि एक गैरसमज, रेपो म्हणजे बॅकअप. कोडचा आहे, खरं आहे, गिटमध्ये प्रत्येक क्लोनमध्ये पूर्ण हिस्टरी असते, तुमच्याकडं, मित्राकडं आणि गिटहबवर अशा तीन प्रती होतात. पण रोजचं संकलन मायएसक्यूएलमध्ये आहे आणि ते गिटमध्ये नाही, नसावंच. सांगलीत हे समजावायला लागत नाही, 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी असताना पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं तेव्हा कितीतरी दुकानांची कॉम्प्युटरं पाण्यात गेली, सॉफ्टवेअर परत टाकता येतं, नोंदी नाही. विट्याला पुराचं भय नाही, पण हार्डडिस्कला जायला पूरच लागतो असं कुठंय. डेटाबेसचा रोज रात्री डंप, पासवर्ड लावून, संस्थेच्या बाहेर दुसऱ्या जागी, हे काम वेगळं लावा.

तर तुमच्यासाठी क्रम एवढाच, कॉपी काढा, जुना डॉट गिट काढा, गिटइग्नोर आणि कॉन्फिग सँपल आधी, मग इनिट, गिट ॲड आणि पुढं टिंब, कमिट करायच्या आधी गिट स्टेटस वाचा, कमिट, ब्रँच मेन, तिकडची रेपो रिकामी, रिमोट ॲड, आणि गिट पुश हायफन यू ओरिजिन मेन. हायफन यू एकदाच, नंतर नुसतं गिट पुश.

यानंतर एक काम बहुतेक जण करत नाहीत, ते करा. एचटीडॉक्समध्ये दुसऱ्याच नावानं रेपो क्लोन करा आणि मित्र म्हणून ती चालवून बघा, म्हणजे कंपोजर इन्स्टॉल, सँपलवरून कॉन्फिग, रिकाम्या डेटाबेसमध्ये सांगाडा आणि दरपत्रक टाका आणि खोट्या उत्पादकाचं दहा दिवसांचं बिल काढा. काय राहिलंय ते इथं कळतं. पहिल्यांदा बहुतेक अपलोड्सवर अडेल, कारण गिट रिकामे फोल्डर ठेवतच नाही, त्यात डॉट गिटकीप नावाची रिकामी फाईल टाकायची पद्धत आहे, फक्त गिटइग्नोरमध्ये अपलोड्समधलं सगळं वगळून तेवढी एक आत घ्यायची, उद्गारचिन्हाची ओळ लिहून. बिल जुन्या फोल्डरमधल्या बिलाशी पैशापर्यंत जुळलं की मग मित्राला इन्व्हाइट पाठवा, आणि त्याला मेल उघडायला सांगा, ते इन्व्हाइट सात दिवसांनी संपतं.